जबाबात न आलेली जीप

माझ्या दोन्ही हातांवर, गळ्यावर आणि हनुवटीखाली भाजल्याचे व्रण आहेत. ते दिसले की लोक आधी नजर चुकवतात आणि मग हळूच विचारतात, "स्टोव्ह का?" मी हो म्हणते. लगेच त्यांच्या चेहऱ्यावर सगळं समजल्याचा भाव येतो आणि तो बघितला की माझं डोकं सणकतं. त्या काळात सून भाजली आणि घरच्यांनी स्टोव्हचं कारण सांगितलं, की खरं काय घडलं असणार हे ऐकणारे मनातल्या मनात ठरवूनच टाकायचे. पुष्कळदा ते बरोबरही असायचं. माझ्या बाबतीत ते बरोबर नाही. मी भाजले ती एका जुन्या जीपच्या अ‍ॅव्हरेजपायी. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्यानं मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही.

मी शहरातल्या मंगळवार पेठेतली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन उचगावला आले तेव्हा ती जीप दारात उभी होती. नवरा शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. घराला लागूनच त्याचं पत्र्याचं शेड होतं. नदीकाठची एखादी मोटार जळली की ती चिखलातून वर काढून आणायची, आतली तार नव्यानं गुंडाळून वाइंडिंग करायचं आणि परत नेऊन बसवायची, हा त्याचा धंदा. पावसाळ्याच्या तोंडाला तर पाणी चढायच्या आत काठावरच्या मोटारी वर घ्यायची नुसती धांदल. त्या काळ्या चिखलात साधी गाडी जायची नाही, म्हणून त्यानं लिलावातली मिलिटरीची जुनी पेट्रोल जीप घेतली होती. तिला गिअरच्या शेजारी आणखी दोन आखूड दांड्या होत्या. एक ओढली की पुढच्या चाकांनाही ताकद मिळायची आणि दुसरी ओढली की जीप अगदी हळू, पण कशालाही न जुमानता चालायची. मोटार लादून ती काठावरून वर येताना बघितली की मलाही अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

पण तिला पेट्रोल पुरायचं नाही. "पीत न्हाय ती, ढोसती," असं सासूबाई म्हणायच्या. त्यांना मी आत्ती म्हणायचे. आमच्या दारासमोरच पानपट्टी होती आणि तिथली बोलणी स्वयंपाकघरात ऐकू यायची. तिथं माणूस भेटला की आधी गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारायचा, घरच्यांची तब्येत नंतर. पुरुष पगार कमी करून सांगतात आणि अ‍ॅव्हरेज वाढवून सांगतात, हे मी चुलीजवळ बसून शिकले. माझ्या नवऱ्याला ते वाढवून सांगणं जमायचं नाही. तो खरा आकडा सांगायचा आणि लोक हसायचे. "जीप घेतलीसा का पेट्रोलपंपाला दत्तक गेलासा, मालक?" असं कोणीतरी विचारायचं. तोही त्यांच्याबरोबर हसायचा आणि तोंड उतरवून घरात यायचा.

माणूस कंजूष नव्हता. घरी कोणी आलं तर मटण खाऊ घातल्याशिवाय सोडायचा नाही. माझ्यावर त्यानं कधी हात उगारला नाही, हेही इथं मुद्दाम लिहिते, कारण पुढं लोक जे बोलले ते त्याच्या बाबतीत खरं नव्हतं. पण अ‍ॅव्हरेजचा विषय निघाला की तो कोणाचाच राहायचा नाही.

आधी त्यानं पुढच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट काढला. रोज फिरायचं डांबरीवर, मग एवढं लोखंड उगाच कशाला फिरवायचं, असं त्याचं म्हणणं. शाफ्ट गोठ्यात भिंतीला टांगला. मग जाड बटणांचे रुंद टायर गेले आणि बारीक टायर आले. त्यांत हवा अशी ठासून भरली की बसणाऱ्याचे दात वाजायचे. उतार दिसला की इंजिन बंद करायचा आणि जीप तशीच सोडायचा. चिखलासाठी म्हणून घेतलेली जीप आता चिखलात गेली की बसायची, आणि ज्याची मोटार न्यायची त्याच्याच बैलांनी तिला ओढून काढावं लागायचं. मी एकदा म्हटलं, "अवो, मग जीपच कशाला पायजे? बैलच घेऊया की." दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

हे सगळं करून किती फरक पडला हे बघायला तो बाटली लावायचा. टाकीची नळी बंद करायची, मापानं पेट्रोल भरलेली बाटली उंच धरायची, तिच्यातून नळी इंजिनाला द्यायची आणि जीप बंद पडेपर्यंत चालवायची. बाटली धरायचं काम माझं. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही नृसिंहवाडीला दर्शनाला निघालो तेव्हा मी नवी साडी नेसले होते आणि माझ्या मांडीवर पेढ्यांची पुडी नव्हती, पेट्रोलची बाटली होती. शिरोलीच्या नाक्यावर बाटली सुरू केली आणि हेर्ले गाव यायच्या आत जीप गचके देऊन थांबली. नवरा खाली उतरून चाकाला टेकून उभा राहिला. कोणी वारल्यासारखा चेहरा. मागून येणाऱ्या एस.टी.तली माणसं खिडकीतून आमच्याकडं बघत होती. वाडीला पोचल्यावर देवासमोर त्यानं डोळे मिटून बराच वेळ काही मागितलं. काय मागितलं हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

बाकीच्यांनी एव्हाना आपल्या जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवून घेतली होती. आम्हाला ते झेपत नव्हतं. मग कोणीतरी त्याला रॉकेल सुचवलं.

पेट्रोलवर चालू करायचं आणि त्यात रॉकेल मिसळून पळवायचं. असं करणारे पुष्कळ होते. जीप खोकायची, पांढरा धूर ओकायची, सकाळी चालू होताना जीव घ्यायची, पण पळायची. रॉकेल कुठलं? रेशनवरचं, निळं. म्हणजे माझ्या स्वयंपाकाचं. मी बडबड केली की तो म्हणायचा, "चूल हाय की." चूल होती, पण पावसात ओल्या शेणी आणि ओली चिपाडं पेटवताना डोळ्यांतून धारा लागायच्या, त्या त्याच्या नव्हत्या. सगळ्यात संताप यायचा तो त्याच्या हिशेबाचा. अ‍ॅव्हरेज काढताना तो फक्त पेट्रोल धरायचा. रॉकेल धरायचंच नाही, कारण ते घरचं. त्यामुळं जीप एकदम दुप्पट अ‍ॅव्हरेज द्यायला लागली. पानपट्टीवर तो आता छाती काढून आकडा सांगायचा आणि त्याला वाटायचं की आपण खरंच बोलतोय. खोटं बोलायला न जमणाऱ्या माणसाला असा हिशेब मात्र जमला.

घरात दोन कॅन होते. एक स्वयंपाकघरात, त्यात माझं रॉकेल. दुसरा शेडात, त्यात तो मिसळ करायचा. माझ्या कॅनमधून तो रॉकेल ओतून न्यायचा, पण पेट्रोल कधीही स्वयंपाकघरात आणायचं नाही, ही एकच गोष्ट आत्तींनी त्याला बजावून सांगितली होती आणि तो ती पाळत होता.

आमची मुलगी चार वर्षांची होती त्या पावसाळ्यातली गोष्ट. शेडातला कॅन तळाला पाझरायला लागला. त्या दिवशी त्याला नदीवर जायचं होतं, पाणी चढायला लागलं होतं. जीपची टाकी कोरडी. मी न्हाणीत असताना तो स्वयंपाकघरात आला, माझा कॅन शेडात नेला, त्यातच पेट्रोल ओतून मिसळ केली आणि टाकीत ओतायला म्हणून निघाला. तेवढ्यात पाऊस जोरात आला. पावसात टाकी उघडली तर पाणी आत जाणार, म्हणून त्यानं कॅन सवयीनं परत स्वयंपाकघरात आणून जागेवर ठेवला. पाऊस उघडल्यावर ओतू. तेवढ्यात फाटकाशी कोणी शेतकरी आला, मोटार बुडायच्या बेतात आहे म्हणून सांगत. हा त्याच्याशी बोलत बाहेर छपराखाली उभा राहिला. बोलता बोलता कॅनचं विसरला. एवढंच झालं. यापेक्षा जास्त काही झालेलं नाही.

आलेल्या माणसाला चहा ठेवावा म्हणून मी स्टोव्ह घेतला. कॅन माझा, जागा त्याची नेहमीची, आत निळं. वास आला का, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. त्या घरात पेट्रोलचा वास कुठं नव्हता? त्याच्या कपड्यांना होता, उशीला होता, कधीकधी भाकरीलाही यायचा. मी स्टोव्ह भरला आणि काडी ओढली.

पुढचं थोडक्यात लिहिते. स्टोव्ह खालपासून वरपर्यंत एकदम पेटला आणि मी त्याच्यावर वाकलेली होते. साडी नायलॉनची होती. आत्ती सोप्यात नातीला भरवत होत्या. त्या धावत आल्या, अंथरुणावरची वाकळ उचलली आणि मला तिच्यात गुंडाळून आपल्या दोन्ही हातांनी आवळून धरलं. त्यांचे तळहात भाजून निघाले तरी त्यांनी सोडलं नाही. नवरा आला तोवर ज्वाळा विझल्या होत्या. त्यानं मला उचलून जीपमध्ये ठेवलं आणि चावी फिरवली. टाकी रिकामी होती. शेवटी त्या शेतकऱ्यानं रस्त्यावर जाऊन एक टेम्पो अडवला आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. कॅनचं काय घडलं ते नवऱ्यानं मला वाटेत टेम्पोतच सांगितलं.

मी जगणार का मरणार हे डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून माझा जबाब घ्यायचा होता. नवरा पोलीस चौकीत बसून होता. त्याला सोडायचं की आत टाकायचं, हे मी काय बोलते त्यावर होतं. मला हे नीट समजत होतं. दुखणं एवढं होतं की मरण आलं तर बरं, असं वाटायचं, पण डोकं लख्ख होतं.

आधी आत्ती आल्या. दोन्ही हातांना पट्ट्या. माझ्या कानाजवळ वाकून म्हणाल्या, "बाई, काय घडलं ते सांग. फकस्त जीपमदी रेशनचं रॉकेल घालतो ते नगं सांगू. त्याचा येगळाच गुन्हा लागंल."

मग माझा थोरला भाऊ आला. वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, त्यानंच माझं लग्न केलं. त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं, तो माझ्या पायांकडं बघत बोलत होता. "त्यांनी ओतलं म्हण. एवढंच म्हण."

"दादा, न्हाय. त्यानं जीपसाठी पेट्रोल मिसळलं, आन् मला सांगायचं विसरला."

"जीपचं कुणाला पटणार हाय? तुला भ्या घातलंय त्यांनी. म्हातारीचं हात बघितलंस काय? कशानं भाजलं ते हात? इचार की."

ज्या हातांनी मला विझवलं ते हात माझ्या भावाला पेटवणाऱ्याचे दिसत होते आणि तो हे प्रेमापोटी बोलत होता, हे सगळ्यात वाईट.

मी मोठी सती सावित्री नाही. मला मोह झाला. नवऱ्याचा मला इतका राग आला होता की ते एक वाक्य बोलून त्याला आयुष्यभर सडवावं असं वाटलं. माझं रॉकेल, माझा कॅन, माझी चूल, माझं अंग, यातलं काहीच त्यानं हिशेबात धरलं नव्हतं. पण मला त्याला शिक्षा हवी होती ती त्यानं जे केलं त्याची. जे केलं नाही त्याची शिक्षा दिली असती, तर जे केलं ते तसंच राहून गेलं असतं. आणि मला ते सांगायचं होतं. कोणीतरी ते कागदावर लिहून घ्यावं, एवढीच माझी तेव्हा इच्छा होती.

जबाब घ्यायला आलेले साहेब वयस्कर होते, आवाज मऊ होता. मी सगळं सांगितलं. शाफ्टपासून सुरुवात केली. बाटलीचं सांगितलं, अ‍ॅव्हरेजचं सांगितलं, रॉकेलचंही सांगितलं. दम लागत होता तरी थांबले नाही. साहेबांचं पेन हलत नव्हतं. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, जीपचं राहू दे. तुमच्या अंगावर कोणी काही ओतलं का?"

"न्हाय."

"कोणी पेटवलं?"

"न्हाय. पण साहेब, कॅनमध्ये..."

"स्टोव्हचा भडका उडाला. बरोबर?"

त्यांनी तेवढंच लिहिलं. हातांना पट्ट्या होत्या, म्हणून माझ्या पायाच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. मी कॉलेजात गेलेली मुलगी. पायाचा अंगठा कागदावर दाबला जात असताना मी रडले ते त्या शाईसाठी नाही. आत्तींना जीप नको होती, दादाला जीप नको होती, साहेबांनाही नको होती. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं, पण सगळ्यांनी मिळून तेवढीच गोष्ट वगळली.

नवरा सुटला. मी दवाखान्यात पडून होते ते सगळे महिने मुलगी दादाकडं मंगळवार पेठेत होती. मी घरी जायला निघाले तेव्हा दादानं शेवटचं विचारलं, "कुठल्या घरी?" मी उचगाव म्हटलं. त्यानं मुलीला आणून सोडलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागं न बघता गेला. त्यानंतर माझ्याकडं भाऊबीज झाली नाही. त्याच्या लेखी मी नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटा जबाब दिला होता. पेठेतल्या बायकांनी मला फार मोठ्या मनाची ठरवलं. मला ते मोठेपण नको होतं. ते ऐकलं की जळल्या कातडीखाली खाज सुटते तसं व्हायचं.

जीप विकली. घ्यायला आलेल्यानं काय विचारलं आणि नवऱ्यानं काय सांगितलं, हे मला ठाऊक नाही. त्या दिवशी मी मागच्या दारी बसून राहिले होते. नवरा मला एकदाच म्हणाला, "मी सांगायला पायजे हुतं." जेवताना म्हणाला, ताटाकडं बघत. मी म्हटलं, "व्हय." एवढ्यावर आम्ही पुढचा संसार केला. त्यानं नंतर गॅस आणला, मला कधी काही कमी पडू दिलं नाही. माझा राग गेला नाही, पण तो माझा माझ्यापाशी राहिला आणि रोजची कामं होत राहिली. माणसं एवढ्यावरही राहतात. आत्ती वारल्या तेव्हा त्यांचे तळहात मी माझ्या हातांनी पुसले, कातडी तशीच चमकत होती.

मुलगी मोठी झाली. अबोल, अभ्यासू, कामाला वाघ. तिला स्थळ आलं ते मोठ्या एकत्र कुटुंबातलं होतं. मुलगा चांगला होता. सगळं जवळजवळ ठरलं, तेव्हा एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी शेवया वाळत घालत होते. तिनं माझा हात हातात घेतला, व्रणांवरून अंगठा फिरवत राहिली आणि म्हणाली, "आई, आता मी जाणार. आता तरी खरं सांग. पप्पांनी केलं का आज्जीनं?"

मला आधी समजलंच नाही ती काय विचारतेय. समजलं तेव्हा हातातल्या शेवया खाली पडल्या. तिच्या आयुष्यातली एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढं यायला लागली. ती बापाच्या हातात कधी पाण्याचा तांब्या देत नसे, समोर जमिनीवर ठेवायची. आम्हाला वाटायचं, लाजरी आहे. मी एकटी नात्यातल्या लग्नकार्याला जायला निघाले की माझ्या पदराला धरून बसायची. आज्जीच्या मांडीवर तिला कोणी बसलेली बघितली नव्हती. लहानपणी पेठेत मामाकडं महिनोन् महिने राहिली, तिथं उठताबसता काय कानावर पडत असेल, याचा विचार मी कधी केला नाही. एवढी वर्षं पोर त्या घरात, आईला जाळणाऱ्यांच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवत होती. तोंडातून एक शब्द न काढता.

मी तिला सगळं सांगितलं. साहेबांना सांगितलं होतं तसंच, पाझरणाऱ्या कॅनपासून पावसापर्यंत, काही न गाळता. गोठ्यातल्या शाफ्टचं सांगितलं. तिच्या आज्जीनं वाकळ कशी आवळली ते करून दाखवलं. माझा आवाज चढला होता. नवरा बाहेर सोप्यात बसला होता, त्याला ऐकू जात होतं. तो उठून आत येईल आणि व्हय म्हणेल, असं मला वाटत होतं. तो आला नाही. त्याच्या खुर्चीचा आवाज झाला, बस्स.

मुलगी शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होती. मग तिनं खाली पडलेल्या शेवया गोळा केल्या, परातीत ठेवल्या आणि माझा पदर सारखा केला.

"बरं," ती म्हणाली. "तू असंच सांगणार, हे मामा म्हणालाच हुता."